शेंगदाण्याच्या तेलावरचे इंजिन

दर वर्षी १० ऑगस्टला जागतिक जैवइंधन दिन साजरा होतो, आणि त्या दिवशी एक गोष्ट हमखास सांगितली जाते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियराने १८९३ साली याच तारखेला आपले इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविले, अशी ती गोष्ट. गोष्ट मोठी गोड आहे. पण श्रोतेहो, ती खरी नाही.

त्या दिवशी आउग्सबुर्गच्या कारखान्यात डिझेलने आपल्या इंजिनाची पहिली चाचणी घेतली, एवढे खरे. पण आत घातले होते ते खनिज तेल, आणि इंजिन आपल्या जोरावर चाललेच नाही. स्फोट झाला, दाब मोजायचे उपकरण फुटले, त्याचे तुकडे उडाले. नीट चालणारे इंजिन हाती यायला १८९७ साल उजाडावे लागले.

मग शेंगदाण्याचे तेल आले कुठून? ते आले १९०० साली, पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात. तिथे ओटो कंपनीने मांडलेले एक लहानसे डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालविण्यात आले. इंजिन बनविले होते खनिज तेलासाठी. त्यात काडीचाही बदल केला नव्हता. तरी ते इतके सुरळीत चालले, की आत गोडे तेल जळते आहे हे फार थोड्यांच्या लक्षात आले. ही हकीकत १९१२ साली लंडनच्या इंजिनियरांपुढे खुद्द डिझेलने सांगितली. वनस्पतींच्या तेलांना आज किंमत नसली तरी पुढेमागे ती खनिज तेलाच्या तोडीची ठरतील, असा त्याचा होरा होता. दुसऱ्याच वर्षी, सप्टेंबर १९१३ मध्ये, अँटवर्पहून इंग्लंडला जाताना तो रात्रीतून बोटीवरून नाहीसा झाला. ते कोडे वेगळेच आहे. आज त्यात शिरायला नको.

आता, हा प्रयोग करायला सांगितले कोणी? फ्रेंच सरकारने. आणि कशासाठी? आफ्रिकेतल्या फ्रेंच वसाहतींत भुईमूग अमाप पिकत असे. तिथे कोळसा न्यायचा म्हणजे खर्च. त्यापेक्षा तिथल्याच पिकावर तिथली इंजिने चालली तर काय वाईट, हा त्यामागचा हिशेब. मला या हकीकतीत सर्वांत बोलके वाटते ते हेच. इंधनाचे स्वावलंबन हा शब्द ऐकायला छान वाटतो; परंतु ते स्वावलंबन कोणाचे आणि शेत कोणाचे, हा प्रश्न पहिल्याच प्रयोगाला चिकटलेला होता.

पुढे खनिज तेल स्वस्त झाले आणि विषय मागे पडला. शिवाय एक अडचण यंत्राचीही होती. वनस्पतीचे तेल दाट असते. ते इंजिनाच्या बारीक छिद्रांतून नीट फवारले जात नाही, अर्धवट जळते, आणि महिना दोन महिन्यांत आत काजळीचे थर बसतात. यावर उपाय निघाला ब्रुसेल्सला. तिथल्या विद्यापीठातल्या शावान यांना १९३७ साली त्याचे बेल्जियन पेटंट मिळाले. युक्ती अशी : तेलाच्या प्रत्येक रेणूत मेदाम्लांच्या तीन लांब साखळ्या एका ग्लिसरिनाच्या खुंटीला बांधलेल्या असतात. अल्कोहोल घालून या साखळ्या खुंटीवरून सोडवायच्या. ग्लिसरीन खाली बसते, आणि वर राहते ते पातळ, डिझेलसारखे वाहणारे इंधन. आज सहसा मेथॅनॉल आणि थोडा कॉस्टिक सोडा वापरतात. दहा किलो तेलाला साधारण एक किलो मेथॅनॉल लागते. दहा किलोच्या आसपास इंधन मिळते आणि किलोभर ग्लिसरीन. यालाच आपण बायोडिझेल म्हणतो. १९३८ साली ब्रुसेल्स ते लूवाँ या मार्गावर अशा इंधनावर प्रवासी बस धावली. तेल होते पामचे, आणि पाम होता बेल्जियन काँगोतला. म्हणजे पुन्हा वसाहतच!

युद्ध संपले, खनिज तेल पुन्हा मुबलक झाले, आणि १९७३ साली भाव भडकेपर्यंत कोणाला याची फारशी आठवण झाली नाही.

या इंधनाचे गुण खरे आहेत, ते नाकारण्यात अर्थ नाही. त्यात गंधक जवळजवळ नसते. त्याच्या वजनात सुमारे ११ टक्के प्राणवायू असल्यामुळे धूर आणि काजळी कमी होते. जळताना जो कार्बन बाहेर पडतो तो झाडाने हवेतूनच घेतलेला असतो. मात्र खत, पाणी, वाहतूक यांचा हिशेब त्यात धरावा लागतो. आणि पीक दर वर्षी येते, विहीर आटली म्हणून हळहळावे लागत नाही.

आपल्याकडे गोडे तेल इंजिनात घालणे परवडणारे नाही. निम्म्याहून अधिक खाद्यतेल आपण बाहेरून आणतो. म्हणून २००३ साली नियोजन मंडळाच्या समितीने मोगली एरंडाची वाट दाखविली. पडीक जमिनीवर वाढतो, गुरे तोंड लावीत नाहीत, बी खाण्याच्या उपयोगाचे नाही. सगळे कसे जमून आले. २००९ च्या धोरणाने २०१७ पर्यंत २० टक्के मिश्रणाचे उद्दिष्ट ठेवले. प्रत्यक्षात एक टक्काही साधला नाही. झाड तगते, पण पाणी आणि खत नसेल तर बी धरीत नाही. शिवाय कागदावरची पडीक जमीन गावाच्या लेखी पडीक नसते. तिथे गुरे चरतात, सरपण मिळते. आउग्सबुर्गच्या गोष्टीपेक्षा पॅरिसची हकीकत कोणी नीट वाचली असती, तर हा प्रश्न आधीच विचारला गेला असता, असे मला वाटते.

२०१८ च्या धोरणाने उद्दिष्ट खाली आणले : २०३० पर्यंत ५ टक्के. त्याच वर्षी तळणाच्या तेलालाही नियम आला. तळून तळून त्यातले ध्रुवीय घटक २५ टक्क्यांवर गेले, की ते तेल खाण्यासाठी वापरायचे नाही. असे तेल हॉटेलांतून आणि फरसाणाच्या कारखान्यांतून गोळा करून बायोडिझेलसाठी द्यायची योजनाही निघाली. त्याला ना शेत लागते, ना गायरान. अडचण एवढीच, की भज्यांच्या गाडीवरचे काळे तेल आजवर फुकट जात नव्हते. ते स्वस्तात विकत घेणारी आणखी एक गाडी पलीकडच्या कोपऱ्यावर उभीच असते.