चाकाचे फेरे आणि बिदरची रेषा

अर्धापुराहून नांदेड, देगलूर करीत बिदरास जाणाऱ्याने गाडीच्या चाकाला चिंधी बांधून फेरे मोजले, तर बिदर किती लांब हे त्यास कळेल काय? रस्त्याची लांबी कळेल; पण नकाशावर बिदर कोठे आहे, हे कळणार नाही. वळणे, चढउतार, खाचखळगे हे सारे त्या फेऱ्यांत मिसळलेले असते. चाकाचा घेर शंभरात एकाने चुकीचा धरला, तर १०० मैलांत एका मैलाची तफावत पडते. दिशा एका अंशाने चुकली, तर ५७ मैलांवर आपण मैलभर बाजूला जातो. पुढचे प्रत्येक माप मागच्यावर टेकलेले. म्हणून चूक साचत जाते, आणि चालणाऱ्यास तिचा पत्ता नसतो. चालकावाचून चालणाऱ्या आजच्या मोटारींचे यंत्रज्ञ याच दुखण्याशी झगडत आहेत.

कंपनी सरकारचे जुने मोजणीदार असेच चाक ढकलीत वाटा मोजीत. विल्यम लॅम्बटनने निराळा मार्ग धरला. १८०२ साली मद्रासजवळ साडेसात मैलांची आधाररेषा त्याने पोलादी साखळीने मोजली, आणि तिच्यावर त्रिकोणामागून त्रिकोण रचीत तो पुढे निघाला. एक बाजू व कोन ठाऊक असले की बाकीच्या बाजू गणिताने मिळतात. मग नद्या आणि राने आड येत नाहीत. परंतु चूक येथेही साचतेच! लॅम्बटनचे शहाणपण मला दिसते ते येथे. आपल्या कोनांवर विसंबून न राहता वाटेत त्याने पुनःपुन्हा नवी रेषा प्रत्यक्ष जमिनीवर मोजली. १८१५ साली अशी एक रेषा बिदरजवळ मोजली गेली. गणिताची लांबी आणि साखळीची लांबी शेजारी ठेवली की साचलेली चूक उघडी पडे. ताऱ्यांवरून काढलेले अक्षांश हा दुसरा साक्षीदार.

पण साक्षीदारच खोटा निघाला तर? पोलाद उन्हाने वाढते. उष्णमान १० अंश सेल्सिअसने चढले आणि ते हिशेबात धरले नाही, तर साडेसात मैलांत साडेचार फुटांहून अधिक घोळ होतो. लॅम्बटन उष्णतामापक जवळ ठेवून ही दुरुस्ती करी. तरी शंका उरे.

१८२३ साली हिंगणघाटास त्याचा अंत झाला. त्याचा वारस जॉर्ज एव्हरेस्ट याने साखळी सोडून, उष्णतेने लांबी बदलू नये अशा बेताने पितळ व लोखंड जोडून केलेले गज विलायतेहून आणले. १८४१ मध्ये अँड्र्यू वॉने या गजांनी बिदरजवळ पुन्हा रेषा मोजली. माळव्यातील सिरोंजच्या रेषेपासून शेकडो मैल त्रिकोण ओलांडीत आलेली लांबी आणि ही मोजलेली लांबी यांत फरक निघाला अवघ्या काही इंचांचा.