आर्गॉन आधी, पोटॅशियम नंतर

शाळेतल्या विज्ञानाच्या पुस्तकात आवर्तसारणीचा धडा येतो तेव्हा हेन्री मोस्ले या इंग्रज शास्त्रज्ञाचे नाव एखाद्या वाक्यात येऊन जाते. अणुअंक महत्त्वाचा आहे हे त्याने 1913 साली दाखवले, एवढे पाठ केले की दोन गुण मिळतात. इतिहासाच्या तासाला पहिले महायुद्ध येते, तुर्कस्तान येते, खिलाफत चळवळ येते. या दोन तासांची गाठ 10 ऑगस्ट 1915 रोजी गॅलिपोलीच्या एका डोंगरउतारावर पडली होती, हे मात्र क्वचितच कोणी सांगते.

मी भाषेचा शिक्षक आहे. उर्दू माध्यमातून आलेली मुले ज्याला 'दौरी जदवल' म्हणतात, त्यालाच मराठी पुस्तक 'आवर्तसारणी' म्हणते. दौर म्हणजे फेरा आणि आवर्त म्हणजेही फेराच. दोन्ही भाषांनी नेमके मर्म पकडले आहे. मूलद्रव्ये योग्य क्रमाने मांडली तर ठरावीक अंतराने तेच गुण पुन्हा फिरून येतात. सगळा प्रश्न 'योग्य क्रम' कोणता, हाच होता, आणि तो सुटायला फार काळ लागला.

वर्गवारी जुनीच आहे. इसवी सन 925 च्या सुमारास वारलेल्या अबू बक्र अल-राझी या हकिमाने खनिज पदार्थांचे सहा वर्ग केले होते: उडून जाणारे पदार्थ, धातू, दगड, तुरटी-मोरचुदासारखे क्षार, टाकणखार आणि मीठ. पहिल्या वर्गात पारा, गंधक आणि नौशादर होते. नौशादर म्हणजे आपला कल्हईवाला वापरतो तो नवसागर. तापवल्यावर काय होते हे भट्टीपाशी बसून पाहून केलेली ही विभागणी आहे. पण यावरून राझीने आवर्तसारणी शोधली असे म्हणणे त्याच्यावरच अन्याय ठरेल. सारखे पदार्थ एका कप्प्यात ठेवणे वेगळे आणि कप्प्यांचा एकमेकांशी क्रम लावणे वेगळे. क्रम लागला तरच गुण कोणत्या दिशेने वाढतात आणि कोणत्या दिशेने घटतात, ते दिसते. त्यालाच कल म्हणतात.

क्रमाची पहिली चाहूल जर्मनीच्या डोबेरायनरला लागली. 1829 साली त्याने त्रिके मांडली. लिथियमचे अणुवस्तुमान 7, पोटॅशियमचे 39. दोघांची सरासरी 23, आणि मधल्या सोडियमचे अणुवस्तुमान नेमके 23. गुणही मधलेच. 1865 मध्ये लंडनच्या न्यूलँड्सने सांगितले की वजनाप्रमाणे मांडल्यास दर आठवे मूलद्रव्य पहिल्यासारखे वागते, जसा सप्तकानंतर पुन्हा सा येतो. पुढच्या वर्षी केमिकल सोसायटीच्या बैठकीत त्याला खोचकपणे विचारले गेले, मूलद्रव्ये अक्षरांच्या क्रमाने लावून पाहिली का? त्याच न्यूलँड्सला 1887 मध्ये रॉयल सोसायटीने डेव्ही पदक दिले.

1869 मध्ये रशियाच्या मेंडेलीव्हने त्या वेळी माहीत असलेली 63 मूलद्रव्ये मांडली. त्याने जिथे जुळले नाही तिथे ओढूनताणून जुळवले नाही, जागा रिकामी सोडली. त्या जागांवर कोण येणार, त्याचे वजन किती, घनता किती, हेही लिहून ठेवले. या न सापडलेल्या मूलद्रव्यांना त्याने नावे दिली ती एका-ॲल्युमिनियम, एका-सिलिकॉन अशी. हा 'एका' म्हणजे संस्कृतातला 'एक', त्या मूलद्रव्याच्या पुढचे पहिले घर. 1875 मध्ये गॅलियम सापडले. शोधणाऱ्या फ्रेंच शास्त्रज्ञाने घनता 4.7 मोजली. मेंडेलीव्हने कळवले की ती 5.9 च्या आसपास हवी, पुन्हा मोजा. पुन्हा मोजली तर 5.9 भरली. ज्याने धातू डोळ्यांनी पाहिला नव्हता त्याने पाहणाऱ्याला दुरुस्त केले. कल समजणे म्हणजे काय, ते इथे कळते.

तरी एक काटा सलत राहिला. वजनाचा क्रम काही ठिकाणी गुणांशी भांडत होता. टेल्युरियम आयोडीनपेक्षा जड, पण गुण पाहता त्याला आयोडीनच्या आधी बसवावे लागते. मेंडेलीव्हला वाटले टेल्युरियमचे वजनच चुकीचे मोजले गेले असेल. ते चुकलेले नव्हते. कोबाल्ट निकेलपेक्षा किंचित जड, तरी आधी. आणि 1894 मध्ये आर्गॉन सापडल्यावर तर गोंधळ उघडाच पडला. आर्गॉनचे अणुवस्तुमान 39.9 आणि पोटॅशियमचे 39.1. वजनाचे ऐकले तर पोटॅशियम निऑनच्या खाली निष्क्रिय वायूंमध्ये जाते आणि आर्गॉन सोडियमच्या खाली येतो. पोटॅशियमचा तुकडा पाण्यात टाकला तर पेट घेतो. आर्गॉन कोणाशी बोलतसुद्धा नाही, म्हणून तो बल्बमध्ये भरतात. दोघांची अदलाबदल करणार कशी?

मोस्लेचा जन्म 1887 चा. मँचेस्टरला रदरफर्डकडे काम करताना आणि नंतर ऑक्सफर्डला त्याने वेगवेगळ्या मूलद्रव्यांतून निघणाऱ्या क्ष-किरणांची वारंवारिता मोजली. निर्वात नळीत एक छोटी गाडी, तिच्यावर धातूंचे नमुने ओळीने ठेवलेले, आणि गाडी ओढायला मासेमारीची रेशमी दोरी. असे त्याचे उपकरण होते. एकेक नमुना किरणांसमोर आला की नोंद. वारंवारितेचे वर्गमूळ काढले तर ते पुढच्या मूलद्रव्याला सारख्याच टप्प्याने वाढत गेले, जसे जिन्याची पायरी. कोबाल्ट 27 वी पायरी, निकेल 28 वी. हा आकडा वजनाचा नव्हता, तो केंद्रकावरच्या धनप्रभाराचा होता. अणुअंक, उर्दूत जौहरी अदद. आर्गॉन 18, पोटॅशियम 19. भांडण मिटले.

मग कलांचे कारणही उलगडू लागले. सोडियमपासून आर्गॉनपर्यंत एका आवर्तात डावीकडून उजवीकडे गेलो की केंद्रकात दर घराला एक धनप्रभार वाढतो, पण बाहेरचे इलेक्ट्रॉन त्याच तिसऱ्या कवचात भरत असतात. ओढ वाढते आणि अणू आकसतो. सोडियमची त्रिज्या 186 पिकोमीटर, क्लोरीनची 99. इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी ऊर्जा सोडियमसाठी मोलमागे 496 किलोज्यूल, क्लोरीनसाठी 1251, आर्गॉनसाठी 1521. पुढचे घर पोटॅशियमचे, तिथे हा आकडा एकदम 419 वर कोसळतो, कारण नवा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात, दूर बसतो. हीच आवर्ताची वळणाची जागा. गणात खाली गेलो तर कवचे वाढतात, म्हणून लिथियम 520, सोडियम 496, पोटॅशियम 419, सीझियम 376. मध्ये अपवादही आहेत. मॅग्नेशियमच्या 738 नंतर ॲल्युमिनियम 578 वर उतरते, कारण त्याचा शेवटचा इलेक्ट्रॉन थोड्या वरच्या ऊर्जेच्या उपकवचात असतो. मुलांना असे अपवाद पाठ करायला लावण्यापेक्षा कारण सांगितलेले बरे. ते लक्षात राहते.

मोस्लेच्या जिन्यात 43, 61, 72 आणि 75 या पायऱ्यांवर कोणी नव्हते. आता शोधणाऱ्यांना नुसती जागाच नव्हे, तर क्रमांकही ठाऊक झाला.

महायुद्ध सुरू झाले तेव्हा मोस्ले एका विज्ञान परिषदेसाठी ऑस्ट्रेलियात होता. परत येऊन तो रॉयल इंजिनियर्समध्ये भरती झाला. त्याला आघाडीवरून काढून संशोधनाच्या कामावर घ्यावे म्हणून रदरफर्डने खटपट केली, ती कामी आली नाही. तो 38 व्या ब्रिगेडचा संदेशवहन अधिकारी म्हणून गॅलिपोलीला उतरला. 10 ऑगस्टच्या पहाटे मुस्तफा कमालच्या सैन्याने चुनुक बैरच्या माथ्यावरून जोराचा प्रतिहल्ला केला. टेलिफोनवरून आदेश पाठवत असताना मोस्लेच्या डोक्यात गोळी लागली. वय 27.

आपल्याकडे गॅलिपोलीची आठवण विजयाची आहे, आणि ती खोटी नाही. तुर्क सैनिक स्वतःच्या किनाऱ्यावर लढत होते. चढाई करून आलेल्या साम्राज्याला त्यांनी परत धाडले. त्यात त्यांचे 86 हजारांवर माणसे कामी आली. समोरच्या बाजूला फक्त गोरे नव्हते, हिंदुस्थानातले शीख आणि गुरखेही होते. ज्याने गोळी झाडली त्या सैनिकाला मी दोष देत नाही. दोष असेल तर तो आपल्या सर्वांत कुशाग्र तरुणाला खंदकात पाठवणाऱ्यांचा. रदरफर्डने 'नेचर' या नियतकालिकात तीच तक्रार जाहीरपणे केली होती.

पण विजयाच्या बाजूने इतिहास वाचणाऱ्यानेही हा हिशेब पूर्ण वाचावा, असे मला वाटते. ज्या डोंगरावर आपल्याला फक्त मुस्तफा कमाल दिसतो, त्याच डोंगरावर जगभरच्या मुलांच्या भिंतीवरचा तक्ता नीट लावणारा माणूस पडला होता. राझीचे नाव अभिमानाने घेणाऱ्या समाजाला मोस्लेचे नाव परके वाटायचे कारण नाही. भट्टीपाशी बसलेला तो हकीम आणि रेशमी दोरीने गाडी ओढणारा हा तरुण एकाच कामाला लागलेले होते.

मोस्ले गेल्यावर रिकाम्या पायऱ्या एकेक करून भरल्या. 72 वर हाफ्नियम 1923 मध्ये, 75 वर रेनियम 1925 मध्ये, 43 वर टेक्नेशियम 1937 मध्ये आणि 61 वर प्रोमेथियम 1945 मध्ये. चारही त्याने दाखवलेल्या घरांतच आली.