स्थळांचे निरूपण : मार्गदर्शक घडविण्याची शतकभराची परंपरा

वेरूळ येथे क्रमांक दिलेली एकूण ३४ लेणी आहेत. पैकी १ ते १२ बौद्ध, १३ ते २९ हिंदू आणि ३० ते ३४ ही जैन लेणी होत. सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे पाहून अनेक प्रवासी समाधानाने माघारी फिरतात. उत्तरेस सुमारे दीड किलोमीटर अंतरावर असलेल्या जैन लेण्यांपर्यंत त्यांची पावले वळत नाहीत. जे तेथवर पोहोचतात, त्यांना बत्तिसाव्या लेण्याचे नाव ‘इंद्रसभा’ असे सांगण्यात येते. ऐरावतावर बसलेला तो इंद्र आणि सिंहावर बसलेली ती इंद्राणी, अशी ओळख करून दिली जाते. वास्तविक गजारूढ मूर्ती यक्षाची असून आम्रवृक्षाखाली सिंहावर विराजमान झालेली देवी ही अंबिका यक्षी आहे. एका गैरसमजातून नाव पडले आणि ते पिढ्यानुपिढ्या चालत राहिले.

येथे दोष केवळ एखाद्या गाईडला देऊन भागणार नाही. त्याला जे शिकविले गेले तेच तो सांगतो. खरा प्रश्न निराळाच आहे. मौन धारण करून उभ्या असलेल्या पाषाणाच्या वतीने बोलणारा मनुष्य कसा तयार करावा? या प्रश्नाचा पद्धतशीर विचार अमेरिकेतील राष्ट्रीय उद्यानांत गेली शंभराहून अधिक वर्षे होत आला आहे. त्या विचाराचा इतिहास आपणांसही उद्बोधक ठरावा, या हेतूने त्याचा येथे थोडक्यात परामर्श घेतला आहे.

इंग्रजीत या कार्याला ‘इंटरप्रिटेशन’ अशी संज्ञा आहे. मराठीत तिला सर्वांत जवळचा शब्द ‘निरूपण’ हाच म्हणावा लागेल. कीर्तनकार अथवा प्रवचनकार मूळ वचन म्हणून थांबत नाही. ते वचन श्रोत्याच्या जीवनाशी जोडून दिल्यावरच त्याचे कार्य पूर्ण होते. स्थळाचा निरूपक हेच कार्य शिला, वृक्ष आणि भग्नावशेष यांच्या बाबतीत करीत असतो.

वाटाड्याचा निरूपक झाला

या परंपरेच्या आरंभी ईनॉस मिल्स (१८७०-१९२२) यांचे नाव घ्यावे लागते. कोलोरॅडो राज्यातील लाँग्ज पीक या शिखराच्या पायथ्याशी त्यांचे वास्तव्य होते आणि प्रवाशांना शिखरावर नेणे हा त्यांचा व्यवसाय. वाट दाखविणे ही सेवा खरी. परंतु त्या वाटेवरील सृष्टीविषयी प्रवाशाच्या मनात कुतूहल जागे करणे ही त्याहून मोठी सेवा, असे त्यांच्या अनुभवास आले. झाडापक्ष्यांच्या नावांची जंत्री त्यांना नापसंत होती. सुट्या माहितीपेक्षा निसर्गाच्या मोठ्या नियमांकडे आणि जीवनकथेकडे प्रवाशाचे लक्ष वेधावे, असा त्यांचा आग्रह असे. आपल्या निवासगृहाच्या परिसरात त्यांनी अशा निसर्ग-मार्गदर्शकांना शिक्षण देण्यास प्रारंभ केला. त्यांच्याकडे तयार झालेल्या एस्थर आणि एलिझाबेथ बर्नेल या दोघी भगिनींना १९१७ मध्ये राष्ट्रीय उद्यान सेवेकडून निसर्ग-मार्गदर्शक म्हणून परवाना मिळाला. त्या काळात पर्वतवाटांवर स्त्रीने मार्गदर्शन करावे, ही गोष्ट असामान्यच होती. मिल्स यांनी आपले अनुभव १९२० मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

राष्ट्रीय उद्यान सेवेची स्थापना २५ ऑगस्ट १९१६ रोजी झाली. तिचे पहिले संचालक स्टीफन मेदर यांना एक गोष्ट ठाऊक होती. ज्या भूमीविषयी लोकांना आपुलकी नाही, ती भूमी नुसत्या कायद्याने टिकत नाही. त्यांच्या प्रोत्साहनाने १९२० मध्ये कॅलिफोर्नियातील योसेमिटी उद्यानात हॅरॉल्ड ब्रायंट आणि लॉय मिलर या दोन निसर्गशास्त्रज्ञांनी मार्गदर्शन-सेवा सुरू केली. पुढे १९२५ मध्ये ब्रायंट यांच्या पुढाकाराने तेथे निसर्ग-अध्ययनाची क्षेत्रशाळा उभी राहिली. उन्हाळ्यातील काही आठवडे विद्यार्थी प्रत्यक्ष अरण्यात राहून शिकत. निरीक्षण करावे, टिपण ठेवावे आणि मग लोकांसमोर बोलावे, असा क्रम असे. उंच पर्वतभागातील पायी भ्रमंती हाही अभ्यासक्रमाचाच भाग होता. आधी स्वतः पाहणे आणि नंतर दाखविणे, हा या शाळेचा पाया होय.

टिल्डन यांची सहा सूत्रे

या कार्याला तात्त्विक बैठक मात्र एका साहित्यिकाने दिली. फ्रीमन टिल्डन (१८८३-१९८०) हे पत्रकार, कथाकार आणि नाटककार. वयाची साठी जवळ आल्यावर ते राष्ट्रीय उद्यानांच्या अभ्यासाकडे वळले. अनेक उद्यानांत हिंडून, मार्गदर्शकांची भाषणे श्रोत्यांत बसून ऐकून त्यांनी १९५७ मध्ये ‘इंटरप्रिटिंग अवर हेरिटेज’ हा ग्रंथ प्रकाशित केला. आकाराने लहान असलेला हा ग्रंथ आजही या क्षेत्रातील मूलग्रंथ मानला जातो.

त्यातील सहा सूत्रांचा आशय असा सांगता येईल. पहिले, जे निरूपण श्रोत्याच्या स्वानुभवाशी जुळत नाही ते निष्फळ होय. दुसरे, माहिती म्हणजे निरूपण नव्हे. माहितीच्या आधारावर घडलेले अर्थदर्शन म्हणजे निरूपण. तिसरे, निरूपण ही कला आहे आणि कला काही अंशी शिकविता येते. चौथे, पाठ देणे हा तिचा मुख्य हेतू नसून विचाराला चालना देणे हा आहे. पाचवे, तुकडा न दाखविता समग्र वस्तू दाखवावी आणि समग्र माणसाला उद्देशून बोलावे. सहावे, बालकांसाठीचे निरूपण म्हणजे प्रौढांच्या निरूपणाचे पातळ केलेले रूप नव्हे, त्यासाठी स्वतंत्र विचार हवा.

टिल्डन यांनी आणखी एका गोष्टीवर भर दिला. निरूपणातून समज येते, समजेतून आदर उपजतो आणि आदरातून रक्षण होते. हा क्रम त्यांना उद्यान सेवेच्याच एका प्रशासकीय पुस्तिकेत आढळला होता. पण त्याचे मोल त्यांनी ओळखले. स्मारकाच्या भिंतीवर खिळ्याने स्वतःचे नाव कोरणारा प्रवासी दुष्टच असतो असे नाही. पुष्कळदा त्या भिंतीशी त्याचे कोणतेही नाते जुळलेले नसते, एवढेच.

शिक्षणाची चौकट

१९६० च्या दशकात उद्यान सेवेने हार्पर्स फेरी या गावी मेदर यांच्या नावाने प्रशिक्षण केंद्र स्थापिले. या गावाला स्वतःचा इतिहास आहे. गुलामगिरीच्या विरोधात जॉन ब्राउन यांनी १८५९ मध्ये येथील शस्त्रागारावर छापा घातला होता. मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठी १८६७ मध्ये येथेच स्टोरर महाविद्यालय सुरू झाले. १९५५ मध्ये ते बंद पडले आणि पुढे त्याच्याच वास्तूत हे प्रशिक्षण केंद्र आले. स्थळाचा अर्थ सांगण्याचे शिक्षण अशा अर्थपूर्ण स्थळी मिळावे, हा सुयोगच म्हटला पाहिजे.

१९९० च्या दशकात या केंद्राने डेव्हिड लार्सन आदींच्या परिश्रमाने प्रशिक्षणाचा नवा आराखडा सिद्ध केला. त्याचे सार एका सोप्या समीकरणात मांडण्यात आले आहे. स्थळाचे ज्ञान आणि श्रोत्याचे ज्ञान यांची बेरीज करावी आणि तिला योग्य पद्धतीने गुणावे, म्हणजे निरूपणाची संधी निर्माण होते. यातील गुणाकार ध्यानात घेण्याजोगा आहे. विद्वत्ता अफाट असूनही सांगण्याची पद्धत शून्य असेल, तर फळही शून्यच. समीकरणाच्या अखेरीस ‘संधी’ हा शब्द आहे, ‘परिणाम’ नव्हे. निरूपक दार उघडतो. आत जायचे की नाही हे प्रवाशाने ठरवावयाचे असते.

या आराखड्यातील दुसरी शिकवण दृश्य आणि अदृश्य यांच्या जोडणीची. स्तंभ, शिल्प, शस्त्र हे दृश्य. त्यामागील श्रद्धा, दुःख, त्याग, स्वातंत्र्याची ओढ हे अदृश्य. केवळ दृश्य सांगितल्यास मोजमापांची यादी होते. केवळ अदृश्य सांगितल्यास ते भाषण कोठेही करता येईल, त्यासाठी त्या स्थळी येण्याचे कारणच उरत नाही. प्रशिक्षणार्थी आपल्या कार्यक्रमाचे चित्रमुद्रण परीक्षकांकडे पाठवीत आणि ही जोडणी साधली आहे किंवा नाही, याच कसोटीवर त्याची पारख होई.

अप्रिय सत्याचे निरूपण

ही परंपरा सर्वस्वी निर्दोष होती असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या रणभूमींवर दीर्घकाळ कोणत्या टेकडीवर किती तोफा होत्या आणि कोणते सैन्य कोणत्या वाटेने आले, याचेच वर्णन प्राधान्याने होत असे. ते युद्ध मुळात कशामुळे झाले हा प्रश्न बाजूला राही. २००० सालच्या सुमारास अमेरिकेच्या संसदेने उद्यान सेवेस निर्देश दिला की, युद्धाच्या कारणांत गुलामगिरीचे जे स्थान होते तेही या स्थळी सांगितले जावे. काही लोकांस ते रुचले नाही. तथापि निरूपकाची निष्ठा श्रोत्याच्या आवडीशी नव्हे, तर सत्याशी असावी, हे तत्त्व त्यातून दृढ झाले. स्मारकांच्या क्षेत्रातील ‘इकोमॉस’ या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००८ मध्ये निरूपणविषयक सनद स्वीकारली. तिनेही प्रमाणित आधार, विविध समाजघटकांचा सहभाग आणि निरूपकांचे योग्य प्रशिक्षण यांवर भर दिला आहे.

एकाच स्थळाकडे अनेक दृष्टींनी पाहता येते, हे आजचे प्रशिक्षण सांगते. अनेकान्ताच्या संस्कारात वाढलेल्या वाचकास हे नवीन वाटणार नाही. मात्र अनेकान्त म्हणजे कोणीही काहीही म्हणावे असे नव्हे. प्रत्येक नयाला आपली मर्यादा असते आणि ती ओळखूनच बोलावे लागते. यक्षाला इंद्र म्हणणे हा निराळा दृष्टिकोन नसून तो प्रमाद आहे.

आपल्या दारी

भारतात या दिशेने प्रयत्न झालेच नाहीत असे म्हणता येणार नाही. १९८३ मध्ये पर्यटन व प्रवास व्यवस्थापनाची राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. १९८४ मध्ये अहमदाबादेत पर्यावरण शिक्षण केंद्र सुरू झाले आणि कान्हासारख्या अरण्यांतील माहितीकेंद्रांच्या उभारणीत त्याने भाग घेतला. ताडोबाच्या जंगलात परिसरातील गावांचे तरुण गाईड म्हणून काम करतात. तरीही लेण्यांच्या बाबतीत सनावळी, राजवंश आणि मूर्तीची उंची यांपुढे निरूपण क्वचितच जाते.

वेरूळच्या जैन लेण्यांत बाहुबलींच्या मूर्ती अनेक ठिकाणी कोरलेल्या आहेत. अंगावर वेली चढल्या आहेत, दोहो बाजूंस स्त्रिया उभ्या आहेत आणि मुद्रा निश्चल आहे. ‘हे बाहुबली, काळ नववे-दहावे शतक’ असे सांगितले म्हणजे माहिती पूर्ण झाली. परंतु समोर उभ्या असलेल्या शेतकऱ्याचे बांधावरून सख्ख्या भावाशी बोलणे बंद असेल, तर त्याला सांगण्यासारखे पुष्कळ आहे. दोन भावांत राज्यावरून वैर आले. सैन्यांचा संहार टाळण्यासाठी दोघांनीच द्वंद्व केले. धाकटा जिंकला आणि जिंकलेले सर्व सोडून निघून गेला. त्या वेली किती काळ वाढल्या असतील, असा नुसता प्रश्न विचारावा आणि निरूपकाने क्षणभर थांबावे. पुढचे कार्य ती मूर्ती करील. तीच गोष्ट मांडीवर बालक असलेल्या अंबिकेची. तिच्यापुढे उभ्या राहिलेल्या कोणत्याही मातेला, मग ती कोणत्याही धर्माची असो, वेगळ्या प्रस्तावनेची गरज नाही.

याच डोंगरावर वरच्या अंगास भगवान पार्श्वनाथांची भव्य मूर्ती आहे. शक ११५६, म्हणजे इ. स. १२३४-३५ मधील तिच्या लेखात चक्रेश्वर नावाच्या दात्याचा उल्लेख येतो. भरताने ज्याप्रमाणे कैलास पर्वताला तीर्थत्व दिले, त्याप्रमाणे चक्रेश्वराने जिनमूर्ती घडवून या डोंगराला तीर्थत्व दिले, असा त्या लेखाचा आशय आहे. स्थळाला अर्थ देणारा तो लेख सुमारे आठशे वर्षांपूर्वीचे निरूपणच होय. आज तो वाचून दाखविणारे किती जण आपल्यात आहेत?

आपला समाज तीर्थयात्रेला जातो, दर्शन घेतो आणि परततो. ज्याला कथा ठाऊक आहे तो शिल्पाकडे निरखून पाहत नाही आणि जो शिल्प निरखतो त्याला कथा ठाऊक नसते. या दोघांमध्ये सेतू बांधणारे तरुण-तरुणी तयार झाले पाहिजेत. त्यासाठी मोठा निधी लागत नाही. मूर्तिशास्त्र जाणणाऱ्या अभ्यासकांकडून ज्ञान, स्थळी वारंवार जाऊन केलेले निरीक्षण, श्रोत्याचे ऐकून घेण्याची सवय आणि परस्परांचे निरूपण ऐकून केलेली परखड दुरुस्ती, एवढी साधने पुरेशी आहेत. योसेमिटीच्या शाळेचा प्रारंभ याहून फार मोठ्या सामग्रीने झाला नव्हता.

हे निरूपण धर्मप्रसार नव्हे, हेही स्पष्ट असावे. प्रवचनाचा श्रोता श्रद्धा घेऊन येतो. लेण्यातील प्रवासी बहुधा केवळ कुतूहल घेऊन येतो. त्या कुतूहलाचा मान राखावा, त्याच्या हाती सत्य द्यावे आणि निष्कर्ष त्याच्यावर सोपवावा. इंद्रसभेच्या प्रांगणातील एकपाषाणी मंदिर, तो हत्ती, तो मानस्तंभ आणि छतावरील फिकट होत चाललेली चित्रे यांचे रक्षण पुरातत्त्व विभाग करील. परंतु ती आपली आहेत असे वाटणारी माणसे निर्माण करणे हे कोणत्याही सरकारी विभागाच्या हातचे नाही. ते कार्य समजावून सांगणाऱ्या माणसाचे आहे आणि तो माणूस घडविणे हे समाजाचे.