पूर्णांकांची तुलना व बेरीज : इतिहास

नैसर्गिक संख्या (१, २, ३, ...), शून्य व ऋण संख्या (−१, −२, −३, ...) यांना मिळून पूर्णांक म्हणतात. शालेय अध्यापनात पूर्णांकांची तुलना आधी व बेरीज नंतर शिकविली जाते. इतिहासातील क्रम मात्र उलटा आहे. बेरजेचे नियम सातव्या शतकापर्यंत पक्के झाले होते; ऋण संख्या लहान कोणत्या अर्थाने, हा प्रश्न त्यानंतर सु. हजार वर्षांनीही वादग्रस्त होता.

अंकगणिताची नऊ प्रकरणे या प्राचीन चिनी ग्रंथात समीकरणे सोडविताना धन व ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी केलेली आढळते. त्याचा भाष्यकार ल्यू हुई (इ. स. २६३) याने धन संख्यांसाठी तांबड्या व ऋण संख्यांसाठी काळ्या गणनकाड्या सांगितल्या आहेत.

भारतात ब्रह्मगुप्त यांनी ब्राह्मस्फुटसिद्धांत (६२८) या ग्रंथात धन, ऋण व शून्य यांचे नियम एकत्र दिले. दोन ऋणांची बेरीज ऋण असते. धन व ऋण यांची बेरीज म्हणजे त्यांतील अंतर आणि दोन्ही समान असल्यास शून्य. उदा., ७ धन व ११ ऋण यांची बेरीज ४ ऋण. कर्जाच्या या भाषेत बेरीज सहज समजते. पण ११ चे कर्ज ४ च्या कर्जापेक्षा मोठे असते, तर −११ ही −४ पेक्षा लहान, हे त्या भाषेतून उमगत नाही. भास्कराचार्यांच्या बीजगणितातील वानरांच्या उदाहरणात ५० व ५ अशी दोन उत्तरे येतात. ५ घेतल्यास कळपाच्या पंचमांशातून ३ वजा करताना ऋण संख्या येते. ती लोकांना पटत नाही म्हणून ते उत्तर त्यांनी सोडून दिले.

यूरोपातील आक्षेप अधिक मूलगामी होता. १ : −१ आणि −१ : १ ही गुणोत्तरे समान आहेत, मग −१ ही १ पेक्षा लहान असल्यास मोठीचे लहानीशी असलेले गुणोत्तर लहानीचे मोठीशी असलेल्या गुणोत्तराइतके कसे, असे आंत्वान आर्नो (१६१२–९४) यांनी विचारले. शंका रास्त होती. जॉन वॉलिस यांनी तर १६५५ मध्ये असा तर्क केला, की भाजक कमी होत शून्य झाल्यास भागाकार अनंत होतो, तेव्हा ऋण भाजकाने येणारा भागाकार अनंताहूनही मोठा असला पाहिजे. त्यांनीच १६८५ मध्ये रेषेवरील चालीचे उदाहरण दिले : ५ यार्ड पुढे व ८ यार्ड मागे गेलेला मनुष्य आरंभस्थानाच्या ३ यार्ड मागे, म्हणजे −३ येथे असतो. येथे परिमाण व क्रम या कल्पना वेगळ्या होतात. आर्नो यांचे गुणोत्तर परिमाणाविषयी आहे, तुलना स्थानाविषयी. तरीही फ्रान्सिस मॅझेरेस यांनी १७५८ मध्ये ऋण संख्या त्याज्यच ठरविल्या.

एकोणिसाव्या शतकात संख्यांची तर्कशुद्ध उभारणी सुरू झाल्यावर हा वाद मिटला. पूर्णांक म्हणजे क − ख असे अंतर दर्शविणारी नैसर्गिक संख्यांची जोडी (क, ख), असे मानता येते. क + घ ही ग + ख पेक्षा लहान असेल, तर (क, ख) ही (ग, घ) पेक्षा लहान. −५ साठी (३, ८) व −२ साठी (१, ३) घेतल्यास ३ + ३ = ६ आणि १ + ८ = ९; म्हणून −५ < −२. अशा रीतीने पूर्णांकांची तुलनाही अखेर बेरजेवरच आधारली गेली.