नावावर बोली: 'शादी.कॉम' आणि कीवर्डचा वाद

१/ ग्राहक गूगलवर एका व्यावसायिकाचे नाव शोधतो आणि सर्वांत वर जाहिरात झळकते ती त्याच्या प्रतिस्पर्ध्याची. प्रतिस्पर्ध्याने ते नाव 'कीवर्ड' म्हणून निवडून त्यावर बोली लावलेली असते. जाहिरातीत मात्र ते नाव कुठेच नसते. मग याला नावाची चोरी म्हणावे का? या प्रश्नाच्या भारतीय इतिहासात मुंबईची एक कंपनी वारंवार भेटते.

२/ 'भारतमॅट्रिमनी'च्या चालकांनी मद्रास उच्च न्यायालयात गूगलसह प्रतिस्पर्ध्यांवर दावा लावला. प्रतिवादींत 'शादी.कॉम'ची पीपल इंटरॅक्टिव्ह होती. २०१० मध्ये अंतरिम मनाई नाकारली गेली. 'भारत' आणि 'मॅट्रिमनी' हे वर्णनपर, सर्वांचे शब्द ठरले.

३/ २०१४ मध्ये भूमिका पालटली. आता पीपल इंटरॅक्टिव्ह मुंबई उच्च न्यायालयात वादी होती. एका संकेतस्थळाने तिचे नाव आपल्या पानाच्या अदृश्य मेटाटॅगमध्ये पेरून ग्राहक वळवल्याची तक्रार होती. न्या. गौतम पटेल यांनी मनाईहुकूम दिला.

४/ मात्र २०१६ मध्ये 'सेकंडशादी.कॉम'विरुद्ध त्याच न्यायमूर्तींनी त्याच कंपनीला मनाईहुकूम नाकारला. 'शादी' हा लोकभाषेतील शब्द. त्यावर एकाची मक्तेदारी कशी मान्य करावी?

५/ मार्च २०१० मध्येच लुई व्हिताँच्या प्रकरणात युरोपीय न्यायालयाने म्हटले होते की, कीवर्ड विकणारे गूगल स्वतः त्या चिन्हाचा 'वापर' करीत नाही. १० ऑगस्ट २०२३ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने 'अग्रवाल पॅकर्स अँड मूव्हर्स'च्या वादात वेगळी वाट धरली: कीवर्ड हाही १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार 'वापर'च आणि गूगल त्यात सक्रिय सहभागी. तथापि, ग्राहकाचा संभ्रम झाल्याखेरीज तेवढ्यावरून उल्लंघन सिद्ध होत नाही.

६/ म्हणून हिंगणा एमआयडीसीतील एखाद्या लघुउद्योजकापुढचा प्रश्न आजही तोच आहे. आडनाव, गाव आणि मालाचे नाव जोडून पाटी रंगवण्याची आपली जुनी रीत. अशी पाटी ग्राहकाला चटकन कळते. पण न्यायालयात तिचे रक्षण करणे तितकेच अवघड. आणि स्वतःच्याच नावाच्या शोधात वर दिसण्यासाठी त्यालाही अखेर बोली लावावी लागते.