लहान छेदाची परीक्षा

मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर शस्त्रक्रिया ठरली कीं आमच्या कोल्हापुरांत घरचीं माणसें पहिल्यानें विचारतात, "पोट फाडावें लागेल, कीं दुर्बिणीनें होईल?" प्रश्न स्वाभाविक आहे; परंतु त्यांत जखमेची लांबी तेवढी मोजली जाते. शस्त्रवैद्यांना घोर होता तो निराळाच : लहान छेदानें रोग मागें तर राहणार नाहीं ना?

दुर्बिणीनें उदर पाहण्याची कल्पना जुनी. १९०१ मध्यें जर्मनींत गेओर्ग केलिंग यानें कुत्र्याच्या पोटांत नळी घालून पाहिलें. १९१० मध्यें स्वीडनमधील याकोबेउस यानें ती रीत माणसावर योजिली. आपल्याकडे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयांत डॉ. तेहेमटन उडवाडिया यांनीं १९७२ पासून हें साधन निदानासाठीं वापरलें, आणि १९९० मध्यें तेथेंच दुर्बिणीनें पित्ताशय काढण्याची भारतांतील पहिली शस्त्रक्रिया केली. पण खड्यांनीं भरलेलें पित्ताशय बाहेर आलें कीं काम संपतें. कर्करोगांत मात्र आंतड्याचा दूषित भाग, त्याच्या रक्तवाहिन्यांलगतच्या लसिकाग्रंथींसह, न फुटतां काढावा लागतो. आजवर हातानें चांचपून जें साधलें, तें पडद्यावर पाहून कसें साधावें?

तरी १९९१ च्या सुमारास अमेरिकेंत हा प्रयोग सुरू झाला, आणि लौकरच भयंकर वार्ता येऊं लागल्या. नळीसाठीं पाडलेल्या छिद्रांतच रोग पुनः उगवूं लागला! १९९४ मध्यें हॉलंडमधील वैद्यांनीं १४ पैकीं ३ रोग्यांत असें झाल्याचें लिहिलें. आंकडा लहान खरा. परंतु व्रण वांचविण्याच्या मोहांत माणूसच गमवावा लागतो कीं काय, ही शंका कोणासही झोंप येऊं देणारी नव्हती. परीक्षेबाहेर ही रीत कर्करोगासाठीं वापरूं नये, असा सल्ला जाणते लोक देऊं लागले.

अखेर हा तंटा मोजदादीनें तोडण्याचें ठरलें. उत्तर अमेरिकेंतील ४८ संस्थांत ८७२ रोगी घेतले आणि कोणावर कोणती रीत योजावयाची, तें जणूं चिठ्ठ्या टाकून ठरविलें. पूर्वीं अशा निदान २० शस्त्रक्रिया केलेल्या शस्त्रवैद्यांसच यांत प्रवेश होता. निकाल २००४ मध्यें प्रसिद्ध झाला. तीन वर्षांत रोग उलटण्याचें प्रमाण दुर्बिणीच्या रीतींत शेंकडा १६ व उघड्या रीतींत १८ ठरलें, म्हणजे जवळजवळ सारखेंच. जखमेंत रोग उगवणें दोहोंतही शेंकडा एकाहून कमी. वेळ मात्र ९५ मिनिटांऐवजीं १५० मिनिटें लागला, आणि पांचांत एका रोग्याचें पोट शेवटीं उघडावेंच लागलें. एवढ्या खटाटोपानें इस्पितळांतील मुक्काम सहा दिवसांवरून पांचांवर आला! यास कोणी हंसेल. मला तर दहा वर्षांची धास्ती फिटली, हीच मोठी कमाई वाटते.

गुदाशयाची गोष्ट अधिक अवघड, कारण कटीच्या अरुंद पोकळींत हत्यार फिरण्यास जागा थोडी. २०१५ मध्यें एका मोठ्या युरोपीय परीक्षेंत दोन्ही रीती सारख्या ठरल्या. त्याच वर्षीं अमेरिकेंतील व ऑस्ट्रेलियांतील परीक्षांत, काढलेला भाग तपासून पाहतां, दुर्बीण उघड्या रीतीहून उणी नाहीं असें सिद्ध करतां आलें नाहीं.