डूलॅली : देवळालीचा ताप

आजचा इंग्रजी शब्द आहे 'डूलॅली'. जोर मधल्या 'लॅ'वर. अर्थ, डोकं फिरलेला, भ्रमिष्ट. ब्रिटनमध्ये आजही गमतीने वापरतात, ऑक्सफर्डच्या कोशातही आहे. आणि हा शब्द म्हणजे आपली नाशिकजवळची देवळाली. स्कूल ऑफ आर्टिलरी तिथेच, त्यामुळे आम्हा तोफखानेवाल्यांना हे गाव घरचंच.

आधी उच्चार बघू. गोऱ्या शिपायाच्या जिभेला ना आपला 'द' जमला, ना 'ळ'. 'द'चा 'ड' झाला, 'ळ'चा 'ल', आणि 'देव' आकसून नुसतं 'डू' उरलं. हसू नका, मी राहतो त्या बेळ्ळंदूरचंही तेच चाललंय. कन्नडमध्ये आपल्यासारखाच ठसठशीत 'ळ' आहे, पण आयटीतली मुलं इंग्रजी पाटी वाचून 'बेलांदूर' म्हणतात. त्यात आपली मराठी मुलंही आली, हे मला खटकतं.

आता अर्थ. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात देवळालीला गोऱ्या फौजेची छावणी होती. हिंदुस्थानातली नोकरी संपलेला शिपाई इथे यायचा आणि मुंबईहून मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघायचा. फौजेच्या बोटी सुटत साधारण नोव्हेंबर ते मार्च. हंगामातली शेवटची बोट हुकली की पुढच्या हंगामापर्यंत बसून राहा! आधी उन्हाळा, मग पावसाळा. हाताला काम नाही. सोबतीला दारू आणि मलेरिया. फौजेत वर्षं काढलेला कोणीही सांगेल, गोळीबारात माणूस सावध असतो, तो खचतो ते असं रिकामं बसून. काही जण खरोखरच भ्रमिष्टासारखे वागू लागले. सोबती म्हणत, याला 'डूलॅली टॅप' झालाय. हा 'टॅप' म्हणजे नळ नव्हे, टिचकीही नव्हे. तो आपला 'ताप'! म्हणजे दोन्ही शब्द इथलेच. पुढे 'ताप' गळला, गाव तेवढं राहिलं. रॉयल वेल्श फ्युझिलियर्समधला साधा शिपाई फ्रँक रिचर्ड्स याने १९३६ सालच्या 'ओल्ड सोल्जर साहिब' या आठवणींत या छावणीबद्दल लिहिलं आहे.

गंमत बघा, याच देवळालीला मुंबईची माणसं हवापालटासाठी जातात. तिथे आरोग्यधामं आहेत. वेड लावलं ते बोटींच्या वेळापत्रकाने, बदनाम झालं गाव. आणि ज्यांनी ते सोसलं त्यांचा विनोद झाला. १९७४ साली बीबीसीने 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका सुरू केली, तीही सुरुवातीला देवळालीच्याच छावणीत घडते.

पुढच्या भागात 'लेफ्टनंट' घेऊ. त्याच्या स्पेलिंगमध्ये 'फ' कुठेच नाही, अमेरिकन लोक 'लूटेनंट' म्हणतात, तरी आपण 'लेफ्टनंट' का म्हणतो, ते बघू.